मूल लहान आहे. तालमीचं वेळापत्रक बदला

राज्य हौशी नाट्य स्पर्धेसाठी संहिता ठरायला लागल्या, की ठाणे, डोंबिवली, वाशीकडच्या हौशी संस्थांमध्ये एक जुना वाद दरवर्षी नव्याने पेटतो. घरात तान्हं किंवा नुकतंच शाळेत जाऊ लागलेलं मूल असलेल्या कलाकाराला भूमिका द्यावी का? एक बाजू म्हणते, नाटक हे व्रत आहे. ज्याचं घर सुटत नाही त्याने जागा अडवू नये. दुसरी म्हणते, मुलाचं बालपण एकदाच येतं, नाटक काय पुढेही करता येईल, दोन-चार वर्षं थांबावं. दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडतात, पण एक गोष्ट दोघींनी न तपासताच मान्य केलेली असते. तालीम म्हणजे रोज साडेसात ते साडेदहा, सगळ्यांनी सगळा वेळ हजर, आणि ती तशीच असणार. माझा आक्षेप या गृहीतकाला आहे. लहान मूल आणि हौशी नाटक यांतला झगडा बराचसा ढिसाळ नियोजनाने तयार केलेला आहे, आणि त्याची किंमत आई-बापांकडून, त्यातही मुख्यतः आयांकडून वसूल केली जाते. बदलायचं आहे ते संस्थांनी, आणि बदलणं त्यांच्या हातात आहे.

पहिल्या बाजूचं म्हणणं आधी नीट ऐकून घ्यायला हवं, कारण ते पोकळ नाही. नाटक एकट्याचं नसतं. एक पात्र गैरहजर राहिलं की समोरचा हवेशी बोलतो, वाक्याची फेक चुकते आणि ती चूक पुढे अंगात मुरते. सहायक दिग्दर्शकाने वही हातात धरून प्रॉक्सी दिली तरी तो नुसते शब्द देतो. नजर, अंतर, थांबायची जागा तो देऊ शकत नाही. हॉलचं भाडं तासावर असतं. बाकीचेही रिकामे नसतात. कोणी सीएसएमटीहून धीम्या लोकलमध्ये तासभर उभा राहून आलेला असतो, कोणी महाप्याची शिफ्ट संपवून. आणि इथे कोणालाच मानधन नाही. मग एकाच्या मुलाच्या वाढदिवसासाठी बाकीच्या दहा-बारा जणांनी आपली संध्याकाळ का वाया घालवावी? प्रश्न रास्त आहे. ज्या ग्रुपवर कोणीही दुपारी चारला ‘बाळाला बरं नाही’ असा मेसेज टाकतो आणि ते महिनाभर चालून जातं, त्या ग्रुपचं नाटक उभं राहत नाही, हे ज्यांनी तालमी घेतल्या आहेत त्यांना सांगायला नको.

पण या रास्त प्रश्नावर उत्तर म्हणून जी गोष्ट हमखास ऐकवली जाते, ती चुकीच्या जागी लावलेली असते. १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली, आणि तरीही ते नायिका भामिनी म्हणून उभे राहिले. ही हकीकत तालमीच्या हॉलमध्ये कशासाठी सांगितली जाते? मंगळवारी कोणी आला नाही म्हणून! त्या रात्री काय पणाला लागलं होतं ते बघा. व्यावसायिक कंपनी, जाहीर झालेला पहिला प्रयोग, आणि आचाऱ्यापासून साजिंद्यांपर्यंत सगळ्यांचं पोट तिकीटविक्रीवर. शिवाय प्रयोग करायचा हे त्यांचं स्वतःचं ठरवणं होतं, असंच ती हकीकत सांगते. एका बापाने आपल्या दुःखात काय केलं, त्यापुढे आपण मान लववावी. त्यातून दुसऱ्या आई-बापांसाठी हजेरीचा नियम काढू नये.

आणि ‘पूर्वापार असंच चालत आलंय’ म्हणायचं, तर पूर्वापार नेमकं काय होतं? संगीत नाटकं रात्री सुरू होऊन उत्तररात्रीपर्यंत चालायची. स्त्रियांच्या भूमिका पुरुष करायचे. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणलं तेव्हा स्त्रीपात्रं स्त्रियांनी केली, पदं मोजकी ठेवली आणि प्रयोग आटोपशीर केला. नाटक त्याने मेलं का? प्रयोगाची लांबी बदलली, पदांची संख्या बदलली, स्त्री भूमिका कोणी करायची हेही बदललं. मग तालमीची वेळ तेवढी बदलायची नाही, हे कुठून आलं? जुन्या कंपन्यांचा दाखला तर उलट बाजूने बोलतो. कंपनीचं बिऱ्हाडच नाटकाबरोबर गावोगाव फिरायचं, स्वयंपाक एकत्र व्हायचा, दीनानाथ मंगेशकरांच्या बलवंत संगीत मंडळीच्या वातावरणात त्यांची मुलं वाढली. घर बाजूला ठेवून नाटक करण्याची ही रीत नव्हे. अर्थात ती व्यवस्था आदर्श होती असंही मी म्हणणार नाही. कित्येक पोरं कोवळ्या वयात घर सोडून कंपनीत आली आणि त्यांची शाळा तिथेच संपली.

आता हिशेब मांडू, कारण खरा मुद्दा हिशेबातच आहे. दोन तासांचं दोन अंकी नाटक, नऊ पात्रं. आठ आठवडे, आठवड्याला पाच दिवस, रोज तीन तास: ४० संध्याकाळी, १२० तास. मध्यम लांबीच्या भूमिकेतला कलाकार नाटकाच्या साधारण एक तृतीयांश वेळ रंगमंचावर असतो. म्हणजे त्याचं प्रत्यक्ष काम ४० तासांचं. उरलेले ८० तास तो भिंतीला टेकून मोबाइल बघतो. हे ८० तास सगळेच वाया जातात असं नाही. दुसऱ्यांचे प्रवेश पाहिल्याशिवाय नाटकाचा सूर कळत नाही, आणि शेवटी सलग तालमी सुरू झाल्या की सगळ्यांनी पूर्ण वेळ असायलाच हवं. ती सूट देऊ. वाचनाचे पहिले सहा दिवस आणि शेवटचे दहा दिवस सगळे पूर्ण वेळ हजर. मधले २४ दिवस ज्याचं काम त्यालाच बोलवायचं. एक तृतीयांश काम असलेल्याला त्यातले आठ दिवस यावं लागेल. ४० ऐवजी २४ संध्याकाळी. प्रवेश इतके सोयीस्कर वाटले जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात सोळा नाही, पण दहा-बारा संध्याकाळी तरी सुटतात. घरात दीड वर्षाचं मूल असेल तर दहा-बारा संध्याकाळींचा अर्थ ज्याचा त्याला कळतो.

हे करायचं कसं? संहिता हातात आल्यावर तिचे तुकडे पाडायचे: एखादं पात्र आत आलं किंवा बाहेर गेलं की नवा तुकडा. दोन अंकांचे साधारण २५ ते ३० तुकडे पडतात. कागदावर उभ्या रकान्यांत तुकडे, आडव्या ओळींत पात्रं, जो त्या तुकड्यात आहे त्याच्यासमोर फुली, आणि प्रत्येक तुकड्याखाली त्याची पानं. बोलत नसलेलं पण रंगमंचावर बसलेलं पात्रही धरायचं. ते सुटलं की ब्लॉकिंगच्या, म्हणजे कोणी कुठे उभं राहायचं हे ठरवण्याच्या, दिवशी घोटाळा होतो. मग ज्या तुकड्यांच्या फुल्या जुळतात ते एका संध्याकाळी. ज्याच्या घरी मूल नऊला झोपतं त्याचे तुकडे साडेसात ते पावणेनऊ, किंवा सरळ रविवारी सकाळी नऊ ते एक. आठवड्याचं वेळापत्रक आदल्या रविवारी ग्रुपवर पडलं पाहिजे. त्याच दिवशी दुपारी फोन करून बोलावणं बंद. आणि भूमिका ठरतानाच प्रत्येकाने आपल्या पाच बंद तारखा लिहून द्यायच्या. प्रत्येकाने, फक्त आई-बापांनी नव्हे. कोणाच्या आईचं डायलिसिस असतं, कोणाची सीएची परीक्षा. अविवाहित मुलाने दुसऱ्याच्या बाळासाठी का खपावं, या तक्रारीला यातून उत्तर मिळतं, कारण त्याच्याही पाच तारखा तितक्याच पक्क्या राहतात.

हा तक्ता कुठे कोसळतो तेही सांगायला हवं, कारण बहुतेक संस्था एकदा करून बघतात आणि ‘आपल्याकडे नाही जमत’ म्हणून सोडून देतात. पहिलं कारण पाठांतर. संवाद पाठ नसले की अर्ध्या तासाचा तुकडा दीड तास खातो आणि पुढचं सगळं सरकतं. पहिला अंक तिसऱ्या आठवड्याअखेर वहीशिवाय, दुसरा पाचव्या आठवड्याअखेर, हे आधी ठरलं नसेल तर तक्ता करूच नका. दुसरं कारण दिग्दर्शक. रंगात आलेला दिग्दर्शक म्हणतो, ‘जरा थांब, पुढचंही घेऊन टाकू,’ आणि नऊला निघणारी बाई दहाला निघते. त्यातला उत्साह खरा असतो, म्हणून तर तो मोडवत नाही. यासाठी घड्याळाचा अधिकार दिग्दर्शकाकडे ठेवायचा नाही. तो सहायकाकडे द्यायचा, आणि सहायकाने वेळ झाली म्हटलं की तुकडा तिथे थांबायचा. रोजच्या आराखड्यात अर्धा तास मोकळा ठेवला की हे जमतं. तिसरं कारण जागा. नौपाड्यात तालीम आणि कलाकार घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीचा असेल तर साडेदहाला सुटून तो घरी सव्वाअकराला पोचतो. त्याच्यासाठी दहाला थांबणं आणि साडेदहाला थांबणं यांत मोठा फरक आहे. घोडबंदर रोडवरचे तिघं-चौघं एकाच तुकड्यात असतील तर त्या दिवशी त्यांच्याच सोसायटीचा क्लबहाउस घ्यावा.

आता दुसरी बाजू. मुलाचं बालपण एकदाच येतं, हे खोटं आहे का? नाही. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ११ ते १४ तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३. म्हणजे नोकरी करणाऱ्या आईला किंवा बापाला मूल जागं सापडतं ते संध्याकाळचे दोनेक तास, आणि आपली तालीम नेमकी तेच तास मागते. ही बाजू ज्या तळमळीने बोलते तिचा मला आदर आहे. पण तिचा सल्ला दोन ठिकाणी फसतो. एक म्हणजे ती ‘थांबा’ म्हणते तेव्हा वर्षांत बोलते, आणि गरज असते महिन्यांची. मुलाला आईबापांपासून दूर होण्याची धास्ती साधारण आठ-नऊ महिन्यांपासून वाटू लागते आणि दीड वर्षापर्यंत ती जोरात असते. त्या काळात एखादा हंगाम सोडणं शहाणपणाचं आहे. त्यापुढे पाच वर्षं सोडण्याचं कारण मुलाच्या गरजेतून येत नाही, आपल्या सवयीतून येतं.

दुसरी फसगत अधिक गंभीर आहे. हा सल्ला कोणाला दिला जातो? बापाला कोणी विचारत नाही, की तू इथे, मग मूल कोणाकडे? त्याच्या नाटकवेडाचं कौतुक होतं. आईला पहिल्या वाचनालाच विचारलं जातं. मग ती थांबते, पाच-सहा वर्षांनी संस्थेत तिच्या ओळखीचं कोणी उरलेलं नसतं, आणि ती परत येत नाही. हौशी संस्थांची कायमची तक्रार आहे की तिशी-पस्तिशीच्या बाईच्या भूमिकेला कोणी मिळत नाही, म्हणून कॉलेजातल्या मुलीच्या केसांना पांढरं लावावं लागतं. ती पस्तिशीची बाई गेली कुठे? तिला आपणच घरी पाठवलं. तिला ‘सध्या तिकिटांचं बघ’ म्हणून हलकं काम देणं हेही घरी पाठवण्याचाच प्रकार आहे. वेळ कमी असेल तर वेळ कमी लागणारं पण कलेचं काम द्या. प्रकाशयोजना आणि पार्श्वसंगीत चालवणाऱ्याला मधल्या तालमींची फारशी गरज नसते, सलग तालमी सुरू झाल्या की त्याचं खरं काम. संहितेची काटछाट घरी बसून होते. रंगवस्तू, म्हणजे प्रयोगात हाताळायच्या वस्तू, मात्र देऊ नका; ते काम दिसायला छोटं असतं, पण रोज लागतं.

मुलाच्या आयुष्यातल्या ‘पहिल्या’ गोष्टींवर या वादात फार अश्रू ढाळले जातात, म्हणून त्याबद्दल स्पष्ट बोलू. त्यांचे दोन प्रकार आहेत. बारसं, उष्टावण, जावळ, वाढदिवस, जूनमधला शाळेचा पहिला दिवस यांच्या तारखा आधी माहीत असतात. त्या पाच बंद तारखांत जातात आणि प्रश्न मिटतो. पहिलं पाऊल, पहिला शब्द यांना तारीख नसते. मूल नऊ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत कधीही चालायला लागतं आणि बहुधा दुपारी पाळणाघरात किंवा आजीसमोर चालतं, तेव्हा आई ठाणे-वाशी लोकलमध्ये किंवा ऑफिसात असते. त्याचा दोष तालमीवर का? शिवाय पाऊल एकदा टाकून मूल थांबत नाही. पुढचे कित्येक दिवस ते धडपडत तेच करत असतं आणि ते पाहायचं भाग्य संध्याकाळीही मिळतं. लसीकरणाचं मात्र फारसं कोणी बोलत नाही आणि तिथेच घात होतो. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लशींनंतर ताप आला तर बहुधा त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी येतो. नऊ महिने पूर्ण झाल्यावरच्या गोवर-रुबेलाच्या लशीनंतरचा ताप आठवड्या-दहा दिवसांनीही येऊ शकतो. लशीची तारीख बघूनच तुकडे लावा, आणि रंगीत तालमीच्या आदल्या आठवड्यात लस येत असेल तर डॉक्टरांशी आधीच बोला.

खरी टक्कर आहे ती शाळेच्या गॅदरिंगशी. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण दिवाळीनंतर सुरू होते, एकांकिकांचा हंगाम जानेवारीपर्यंत चालतो आणि ‘सवाई’ या एकांकिका स्पर्धेची रात्र २५ जानेवारीला. शाळांची स्नेहसंमेलनं याच डिसेंबर-जानेवारीत. गंमत म्हणजे ठाण्यातल्या कित्येक शाळा ती गडकरी रंगायतनला किंवा डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात करतात, म्हणजे आई-बाप आणि मूल एकाच रंगमंचासाठी एकाच महिन्यात रांगेत असतात. चार वर्षांचं पोर पहिल्यांदा ससा होऊन उभं राहणार आणि आई दुसरीकडे तालमीत, हे नाटकाच्या माणसांनी तरी होऊ द्यावं का? मुलाच्या पहिल्या रंगमंचाची किंमत आपल्याइतकी कोणाला कळणार? शाळेला नाट्यगृहाची तारीख बरीच आधी मिळालेली असते. पालकांना ती उशिरा कळवतात इतकंच. दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गशिक्षिकेला विचारलं तर बहुधा कळते.

काही जण यावर सोपा तोडगा सुचवतात: मुलाला तालमीला घेऊन ये, बघता बघता शिकेल. नाटकाच्या सान्निध्यात मुलं वाढावीत हे मलाही हवं आहे. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुलांच्या नाटकांसाठी लिटल थिएटर सुरू केलं, ‘आविष्कार’ या संस्थेने पुढे मुलांसाठी ‘चंद्रशाला’ उभी केली, ठाण्यात रत्नाकर मतकरींच्या पुढाकाराने ‘वंचितांचा रंगमंच’ वस्तीतल्या मुलांपर्यंत पोचला. पण या सगळ्यांनी मुलांसाठी वेगळा वेळ आणि वेगळं काम काढलं. मोठ्यांच्या तालमीच्या कोपऱ्यात चटईवर मूल बसवणं म्हणजे ते नव्हे. वाचनाच्या दिवसांत चालेल. उभ्या तालमीत त्याची जबाबदारी त्या वेळी काम नसलेल्या एका ठरलेल्या माणसावर हवी. ‘सगळे बघतील’ म्हटलं की कोणीच बघत नाही. आणि नाट्यगृहातल्या तांत्रिक तालमीला मूल अजिबात नको. लेव्हलच्या, म्हणजे रंगमंचावरच्या लाकडी चौथऱ्यांच्या, कडा, नेपथ्याचे उलटे पडलेले खिळे, जमिनीवरच्या वायरी, तापलेले दिवे, दाढी-मिशा चिकटवायच्या स्पिरिट गमची बाटली, धुराचं यंत्र, आणि काळोखी विंग. बारा माणसं घाईत असताना अडीच वर्षांचं मूल तिथे सुरक्षित राहूच शकत नाही.

अंगावर पिणाऱ्या बाळाची गोष्ट वेगळी, कारण तिथे आईला पर्याय नसतो. पहिल्या सहा महिन्यांत बाळ दर दोन-तीन तासांनी पितं. सलग तीन तासांची तालीम तिला अशक्यच आहे. दीड तासाने वीस मिनिटांची सुट्टी ठेवली तर तिचं काम होतं आणि बाकीच्यांचंही डोकं ताळ्यावर येतं. काढून ठेवलेलं दूध ठाण्याच्या उकाड्यात बाहेर ठेवायचं नाही, बर्फाच्या पिशवीत ठेवायचं. कपडेपटाला पहिल्याच दिवशी सांगायचं, की हिचा ब्लाउज पुढून उघडणारा हवा. प्रयोगाच्या दिवशी मध्यंतरात हे लक्षात येऊन उपयोग नाही.

काही नाट्यगृहांत प्रेक्षागृहाच्या मागे, काचेआड, रडणाऱ्या मुलाला घेऊन बसायची खोली असते. प्रेक्षक आईचा विचार कोणीतरी केला होता. पडद्यामागच्या आईचा कोणी केला? १९४८च्या कारखाने कायद्याने ठरावीक संख्येहून जास्त स्त्रिया असतील तिथे पाळणाघराची जबाबदारी मालकावर टाकली. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ते बंधनकारक झालं. म्हणजे मूल सांभाळणं हा एकट्या आईचा खासगी प्रश्न नाही, हे या देशाने कामाच्या ठिकाणी केव्हाच मान्य केलं आहे. हौशी संस्थांना हे कायदे लागू नाहीत, आणि लागू करावेत असं मी म्हणतही नाही. पण महापालिकेच्या नाट्यगृहात रंगपटाजवळ, म्हणजे कलाकारांच्या मेकअप-रूमजवळ, एक स्वच्छ, कडी लागणारी खोली, पंखा, चटई आणि मूल झोपवता येईल अशी जागा असावी, एवढी मागणी ठाणे आणि नवी मुंबईतल्या संस्थांनी मिळून दोन्ही महापालिकांकडे करायला काय हरकत आहे? तारखा आणि भाडं यांवर आपण एकत्र येतो, मग यावर का नाही?

घराकडूनही एक गोष्ट पक्की हवी, नाहीतर संस्थेने केलेलं सगळं फुकट. शेवटचे दहा दिवस कोणतीही सूट मागायची नाही. त्या दहा संध्याकाळी मूल कोणाकडे राहणार, त्याचं नाव भूमिका स्वीकारतानाच ठरलेलं असावं: नवरा, आजी, शेजारच्या काकू, कोणीही, आणि ते माणूस आजारी पडलं तर दुसरं कोण, हेही. नवरा-बायको दोघंही नाटकात असतील तर एका हंगामात एकानेच भूमिका घ्यावी, दुसऱ्याने पुढच्या. आणि ही पाळी कागदावर लिहावी, कारण तोंडी ठरलेल्या पाळीत दर वेळी थांबते ती बायको.